मास्तरांनी उसवलेला पडदा

मित्रांनो, मी पडदा आहे असं म्हटलं की लोकांना नाटक आठवतं, नाहीतर खिडकी. माझा दोन्हींशी संबंध नाही. मी घराबाहेर राहणारा, उन्हाकडे तोंड आणि घराकडे पाठ करून लटकणारा, हँडल फिरवलं की वर गुंडाळला जाणारा एक जुना, जाडजूड पडदा आहे. माझा रंग विचारू नका. कारखान्यातून निघालो तेव्हा तो राखाडी होता. आज माझ्या बाहेरच्या बाजूला जो रंग आहे, त्याला अजून कोणी नाव दिलेलं नाही.

माझं कापड म्हणजे प्लास्टिकचा लेप दिलेल्या धाग्यांची बारीक जाळी. आत बसलेल्याला रस्ता दिसतो, वारा लागतो, ऊन मात्र बाहेरच थांबतं. खिडकीच्या आतल्या पडद्यांना मी कमी लेखत नाही. पण ऊन काचेतून आत येऊन बसल्यावर पडदा ओढायचा, म्हणजे पाहुण्याने ताटावर बसल्यावर घरी कोणी नाही असं सांगण्यासारखं आहे. मी त्याला दारातच गाठतो.

ज्या घरासाठी मी बनलो, त्या घराचा व्हरांडा पश्चिमेला होता आणि त्या व्हरांड्यात एक शिलाई मशीन होती. मशीन टेलर मास्तरांची. चाळीस वर्षं त्यांचं बाजारात दुकान होतं. पुढे रस्ता रुंद होत गेला, दुकान अरुंद होत गेलं, आणि एक दिवस रस्ता पूर्ण रुंद झाला. मशीन घरी आली. घर दोन खोल्यांचं. आतमध्ये एकतर मशीन राहिली असती, नाहीतर मास्तरांचा मुलगा, सून आणि त्यांचा पलंग. त्यामुळे मशीन व्हरांड्यात गेली.

त्या गावचा उन्हाळा आठ महिन्यांचा. दुपारी दोननंतर फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नसे आणि मशीनचं चाक तव्यासारखं तापे. सकाळी शिवा, असं मास्तरांना सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण शिंप्याचं कुठलंही काम गिऱ्हाईक येण्याच्या आधी तासभर सुरू होतं, आणि गिऱ्हाईक येतं संध्याकाळी. मास्तर डोक्यावर ओला पंचा टाकून दुपारी बसत. एका दुपारी ते मशीनवरच चक्कर येऊन पडले. एक बाही शिवून झाली होती, दुसरी हातात होती. डॉक्टरांनी दुपारचं बसणं बंद केलं. चिरंजीवांनी त्याच्याही पुढे जाऊन मशीनच बंद करायचं ठरवलं. रविवारी चार वाजता मशीन न्यायला माणूस येणार, असं त्यांनी जेवताना जाहीर केलं.

 मास्तरांनी फक्त दुसरी पोळी परत ठेवली.

बोलली ती सून. तिने मला आधीच मागवून ठेवलं होतं. ती नवऱ्याला म्हणाली, "शनिवारी पडदा लागतोय. रविवारी दुपारी व्हरांड्यात माणूस बसू शकला, तर मशीन राहील. नाही बसू शकला, तर उचलायला मी स्वतः हात लावीन." चिरंजीवांनी मान डोलावली. म्हणजे मित्रांनो, माझ्या पहिल्या दिवसावर एका माणसाचं उरलेलं आयुष्य टांगलं होतं, आणि मी अजून टांगलो गेलो नव्हतो.

माझं माप मास्तरांनी घेतलं होतं. घरात मास्तर असताना माप दुसरं कोण घेणार? कारखान्याने स्पष्ट कळवलं होतं की दोन खांबांमधलं अंतर वर, मध्ये आणि खाली मोजा, सगळ्यात कमी भरेल ते लिहा, आणि आपल्या मनाने काही वाढवू नका. मास्तरांनी तिन्ही ठिकाणी टेप लावली. कमीत कमी एकशे चौदा इंच भरलं. मग त्यांच्या हाताने एकशे सोळा लिहिलं. त्या हाताचा दोष नव्हता. चाळीस वर्षांत त्याने कोणाचंही माप भरलं तेवढंच लिहिलं नव्हतं. पोरगं असेल तर वाढेल, मोठा माणूस असेल तर जेवेल, कापड असेल तर आटेल, हा त्या हाताचा अनुभव होता.

शनिवारी सकाळी फिटरबाई मला घेऊन आल्या. कमरेला हत्यारांचा पट्टा, खांद्यावर शिडी, बोलणं मोजकं. त्यांनी मला दोन खांबांमध्ये धरलं. मी गेलो नाही. त्यांनी मला तिरका धरून पाहिलं. तसाही गेलो नाही.

"काका, माप कोणी घेतलं?"

"मी," मास्तर म्हणाले.

"किती भरलं?"

"एकशे चौदा."

"आणि लिहिलं?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "सोळा. शिलाईला दोन सोडले."

फिटरबाईंनी एका खांबावर हात ठेवला. "खांब पुढे बारीक होतील असं वाटलं का?"

मला खांबांच्या बाहेरून लावावं, तर तिथे पावसाच्या पाण्याचा पाइप होता. मी जिच्यावर गुंडाळला जातो ती नळी आणि माझी खालची पट्टी इथेच करवतीने कापता येईल, असं फिटरबाई म्हणाल्या, पण कापड परत कारखान्यात पाठवावं लागेल आणि त्याला तीन आठवडे लागतील. आरामखुर्चीत पेपर वाचणाऱ्या चिरंजीवांनी पेपर थोडा खाली घेऊन मशीनकडे पाहिलं आणि पुन्हा वर घेतला. सुनेचा चेहरा उतरला.

मास्तर मात्र पहिल्यांदाच ताठ बसले. "दोन इंच कापड कापायला तीन आठवडे? आणा इकडे."

फिटरबाईंनी थोडा विचार केला आणि कापड नळीवरून सोडवून त्यांच्यापुढे पसरलं. एक अट घातली. एका बाजूने सरळ कापायचं आणि तसंच सोडायचं. कड दुमडायची नाही, टीप मारायची नाही. या कापडाचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे कच्ची कड चालते. एवढं बजावून त्या शेजारच्या गल्लीतलं एक काम उरकायला तासाभरासाठी गेल्या.

मित्रांनो, कात्री म्हणजे काय ते मला तोवर माहीत नव्हतं. कारखान्यात पातं असतं. ते विचारत नाही. मास्तरांनी मला जमिनीवर पसरलं, गुडघे टेकले, खडूने वरपासून खालपर्यंत रेघ ओढली, आणि कात्री अशी चालवली की मला कळलंच नाही मी कधी कमी झालो. कापून झाल्यावर ते उठले. माझ्या कडेकडे पाहिलं. एक फेरी मारून आले. पुन्हा पाहिलं.

त्यांच्या हातातून आजवर एकही कच्ची कड बाहेर गेली नव्हती. पोत्याला जोड दिला तरी तो आतून बाहेरून सारखा दिसे.

"बाबा, त्या दुमडू नका म्हणाल्यात," सून म्हणाली.

"त्या फिटर आहेत. कापडातलं त्यांना काय कळतं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की रेघ ओढतानाच मास्तरांनी दुमडीसाठी अर्धा इंच राखून ठेवला होता. बेत आधीचाच होता. दोन सुया मोडल्या, तिसरी टिकली. माझ्या एका कडेवर वरपासून खालपर्यंत अशी सरळ टीप पडली की मलाच माझा अभिमान वाटला.

फिटरबाई आल्या. नळी कापली, मला तिच्यावर चढवलं, पाणसळ लावून खुणा केल्या, भोकं पाडली, स्क्रू आवळले. मग हँडल फिरवलं. पहिले दोन वेढे छान गेले. पण दुमडलेली कड दुप्पट जाड. ती स्वतःवरच चढत गेली आणि दहाव्या वेढ्याला माझी ती बाजू फुगून बसली. एका पायात बूट आणि एका पायात मोजा घालून चालावं तसा मी वर गेलो आणि खांबाला अडकलो.

फिटरबाईंनी मला खाली घेतलं. कडेवरून बोट फिरवलं.

"टीप सुंदर आहे काका," त्या म्हणाल्या. "उसवा."

 दुसऱ्यांनी शिवलेलं मास्तरांनी जन्मभर उसवलं होतं, आणि उसवताना त्यावर टीकाही केली होती. स्वतःची टीप उसवताना त्यांना घरात कोणी पाहिलं नव्हतं. चिरंजीव पेपर बाजूला ठेवून मवाळपणे म्हणाले, "राहू द्या बाबा. कशाला त्रास? उद्या तसाही माणूस येतोय."

 सुनेने मशीनच्या खणातून पातं काढलं, मास्तरांपुढे ठेवलं, आणि माझं दुसरं टोक ताणून धरून समोर बसली. मास्तरांनी पहिला टाका कापला. बराच वेळ फक्त दोरा तुटल्याचा बारीक आवाज येत राहिला.

"कच्चीच जाणार म्हणजे," मास्तर म्हणाले.

"हो."

"लोक बघतील."

"लोक कशाला बघतात, बाबा? ऊन बघेल."

मास्तर गालात हसले की नाही हे मला सांगता येणार नाही. मी त्यांच्या मांडीवर होतो. पण हात जरा वेगाने चालायला लागला. उरलेला अर्धा इंच त्यांनी कापून टाकला. सुईची भोकं मात्र राहिली. ती अजून आहेत.

रविवारी दुपारी दोन वाजता सुनेने मला खाली सोडलं. न्यायाने व्हावं म्हणून चिरंजीव म्हणाले, "परीक्षा मीच घेतो." पेपर, मोबाइल आणि पाण्याची बाटली घेऊन ते आरामखुर्चीत बसले. मास्तर आणि सून आतल्या दाराच्या फटीतून पाहत होते. माझ्या तोंडावर ऊन कोसळत होतं आणि मी जेवढा लांबरुंद होतो तेवढा सगळा वापरत होतो. अडीच वाजता चिरंजीवांनी बाटली खाली ठेवली. तीनला पेपर छातीवर आला. सव्वातीनला ते घोरू लागले.

चारला मशीन न्यायला माणूस आला. सुनेने फाटकाशीच त्याला हळू आवाजात सांगितलं की मशीन द्यायची नाही. माणसाने तिच्या खांद्यावरून व्हरांड्यात पाहिलं.

"फोन तर यांनीच केला होता."

"हो," ती म्हणाली. "आता ते विचार बदलून झोपलेत."

त्यानंतरची माझी कामाची वर्षं सुखाची गेली. मास्तर दुपारी माझ्या आड बसून शिवत. गिऱ्हाइकं माझं कौतुक करत. हे कटिंग आपलं आहे, असं मास्तर प्रत्येकाला सांगत, आणि त्याच दमात, कड मात्र फिटरबाईंच्या हट्टापायी कच्ची राहिली, हेही सांगत.

पुढे माझी सवय झाली. रोज कामाला येणाऱ्याकडे कोण बघतं? धूळ पुसणं आधी महिन्याचं होतं, मग वर्षाचं झालं, मग पुढच्या वर्षाचं. एकदा वादळात मला वर घ्यायचं राहिलं आणि माझी खालची पट्टी संध्याकाळभर खांबावर आपटून वाकली. एकदा पावसात भिजलेला तसाच गुंडाळला गेलो आणि चार महिन्यांनी उलगडलो तेव्हा अंगावर काळे ठिपके होते. मी तक्रार करत नाही. पडद्याने तोंड उघडायचं नसतं.

मग मास्तरांचा हात थरथरू लागला. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय आखूड झाला. गिऱ्हाइकाने तसं सांगितलं नाही. ते तिरकं चालत निघून गेलं. मास्तरांनी त्याच दिवशी मशीनवर चादर घातली आणि ते आत जाऊन पंख्याखाली बसले. त्यानंतर मला कोणी खाली घेतलं नाही. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. पडदा शिलाईसाठी होता, शिलाई थांबली, एवढा साधा हिशेब. दोन उन्हाळे मी वर गुंडाळलेला राहिलो.

तिसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी मास्तर काठी टेकत बाहेर आले आणि त्या रणरणत्या उन्हात मशीनसमोरच्या स्टुलावर बसले. सून धावत आली.

"बाबा, आत चला. केवढं ऊन आहे."

"पडदा घे ना खाली."

"काही शिवायचंय का?"

"नाही गं. बसायचंय नुसतं." मास्तर चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत राहिले. मग म्हणाले, "काम नाही, म्हणून इतके दिवस मागितला नाही."

 सुनेने हँडल धरलं. दोन वर्षांत ते घट्ट झालं होतं. मी किंचाळलो, दोघांच्या डोक्यावर दोन उन्हाळ्यांची धूळ पडली, एक पाल आपला संसार सोडून भिंतीवर पळाली. पण मी खाली आलो. तिने केस झटकले, आतून दुसरं स्टूल आणलं आणि त्यांच्या शेजारी बसली. त्या दुपारी त्या घरात कोणीच काही काम केलं नाही.

मित्रांनो, वारा सुटला की पडदा वर घ्यावा, ओला गुंडाळू नये, वर्षातून दोनदा साबणाच्या पाण्याने पुसावा, हे सगळं माझ्यासोबत आलेल्या कागदावर छापलेलं होतं. जे छापलेलं नव्हतं तेवढंच सांगतो. तुमच्या घरात कोणीतरी असं असेल, ज्याला आता सावली मागायला कारण सापडत नाही. त्याने मागायची वाट बघू नका. दुपारी दोनला उठा आणि हँडल फिरवा. पाऊण मिनिट लागतं.