सुईताईंना लागलेलं विशेषण

दवाखान्यात रक्त काढणाऱ्या बाईंना सगळे सुईताई म्हणत. हात हलका, तोंड सदा हसरं. समोर कोणीही बसो, दंडाला रबरी पट्टा आवळता आवळता त्या सांगत, "कळणारसुद्धा नाही."

एके दिवशी नवे मोठे डॉक्टर दारावरून जाता जाता सोबतच्या डॉक्टरांना म्हणाले, "या आपल्या सुईताई फारच सँग्विन आहेत बरं का." दोघे हसले आणि पुढे गेले. सुईताईंच्या हातातला कापसाचा बोळा हातातच राहिला.

घरी येताच त्यांनी धाकट्या दिराला गाठलं. भाऊजी इंग्रजीच्या शिकवण्या घेत. एखादा शब्द येत नाही, असं त्यांनी आजवर कबूल केलेलं नव्हतं.

"सोपं आहे," चष्माही न लावता ते म्हणाले. "लॅटिनमध्ये सँग्विस म्हणजे रक्त. त्यावरून सँग्विन. रक्ताला चटावलेली."

"मोठे डॉक्टर मला असं म्हणाले?" सुईताईंनी विचारलं.

"साहेबाला माणसांची पारख दिसते," नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उचललेली सुई त्या पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये ठेवत होत्या. येईल त्याला त्या म्हणू लागल्या, "माफ करा हं, माझाही नाइलाज आहे. अगदी थोडंच घेते."

एक धिप्पाड ट्रक ड्रायव्हर हे ऐकून सावध झाला. "ताई, तुम्ही नक्की काय करणार आहात?" असं विचारत तो उठला आणि दंडाच्या पट्ट्यासकट चालता झाला. त्याला पाहून बाकावरचेही एकेक करून सटकले.

रिकाम्या नळ्या पाहून मोठे डॉक्टर आले. सुईताईंनी सगळं सांगून टाकलं. "इतकी वर्षं झाली. एक थेंब जास्त घेतला असेल तर दाखवा."

डॉक्टर पेशंटच्या स्टुलावर बसले. "मूळ रक्तातच आहे, ते खरं. जुन्या वैद्यांना वाटायचं, अंगात रक्त भरपूर असलं की गाल लाल, स्वभाव आनंदी. म्हणून सँग्विन म्हणजे सगळं चांगलंच होणार असं धरून चालणारा. तुमचे भाऊजी म्हणतात तो अर्थ सँग्विनरीचा. रक्त एकच, स्वभाव वेगळा."

"भावाभावांत असतं तसं," सुईताई पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "पण तुम्ही हसलात का?"

"माझं रक्त काढतानाही तुम्ही 'कळणारसुद्धा नाही' म्हणाला होतात. चांगलं कळलं होतं."

एवढ्यात ड्रायव्हर पट्टा परत द्यायला आला. सुईताईंनी तो घेतलाच नाही, त्यालाच स्टुलावर बसवलं. हात आता ठाम होता.

"कळलं," ड्रायव्हर म्हणाला.

"थोडंसंच," सुईताई म्हणाल्या. नळी भरली होती.

संध्याकाळी खरा अर्थ ऐकून भाऊजींनी चष्मा लावला. "रक्त तर आलंच ना त्यात? म्हणजे मी निम्मा बरोबर."

त्यांच्या शिकवणीत निम्म्याला पास धरत. सुईताईंनीही तेवढ्यावर भागवून घेतलं.