लक्ष्मणरावांचा करंज

कुसुमताईंनी खिडकीची झडप बोटभर उघडली, चष्मा वर सरकवला आणि श्वास रोखून समोर पाहिलं. नुकतं फटफटत होतं. रस्त्याच्या पलीकडे मोतीलाल आपल्या ओट्यावरून उतरला. हातात स्टीलचा गडवा होता. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, करंजाच्या लोखंडी जाळीतून हात आत घातला आणि गडव्यातलं काहीतरी सावकाश झाडाच्या बुडाशी ओतलं.

शेवटी सापडला! घाईत कुसुमताईंच्या हातून दाराची कडी दोनदा निसटली.

दोन वर्षांत त्या जाळीत दोन करंज वाळले होते. हा तिसरा, आणि परवापासून त्याचीही पानं कडेनं करपायला लागली होती. नगरपंचायतीनं कोष्टीपुऱ्याच्या रस्त्याला चौदा झाडं लावली होती. तेरा मस्त तरारली. मरायचं ते एकच, मोतीलालच्या दारातलं, आणि नेमकी त्याच जाळीवर पाटी होती: ‘कै. लक्ष्मणराव यांच्या स्मरणार्थ’. शाळेतून निवृत्त झालेल्या कुसुमताईंनी झाडांची देखरेख आपणहून अंगावर घेतली होती. लोकांची तेरा झाडं जगवली आणि नवऱ्याच्या नावाचं एक जगवता आलं नाही, हे त्यांना दिवसरात्र खुपत होतं.

लक्ष्मणराव कलेक्टर कचेरीत कारकून होते. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा बढतीवर तिकडे जायची ऑर्डर आली, तर त्यांनी बढतीच नाकारली. कारण काय, तर मोतीलालच्या ओट्यावरची सकाळ चुकेल. बायकोनं आठ दिवस अबोला धरला, पण गृहस्थ हलला नाही. म्हणून तर ते गेल्यावर कुसुमताईंनी त्यांच्या झाडासाठी तीच जागा मागून घेतली होती.

आणि तिथंच घोळ झाला होता. मोतीलाल कोष्टीपुऱ्यातला शेवटचा विणकर. विणण्याआधी उभ्या सुताला तांदळाची खळ चढवावी लागते, त्याला पाजणी म्हणतात. त्यासाठी सुताचा लांबलचक ताणा रस्त्यावर दोन्हीकडे खुंटे रोवून ताणायचा. करंज बरोबर त्या ताण्याच्या वाटेत आला होता. मोतीलाल तेव्हा काही बोलला नाही, पण न बोलणाऱ्या माणसाचा भरवसा काय धरायचा?

काल नगरपंचायतीतला अनुप घरी येऊन गेला होता. “ताई, तुम्ही फक्त सही करा. तक्रार आली का रस्त्यावर ताणा लावणंच बंद करून टाकतो.” तक्रार टेबलावर तयार होती. सात वाजता तो यायचा होता. ताणा बंद म्हणजे मोतीलालचा माग बंद, हे कुसुमताईंना ठाऊक होतं. त्यामुळंच सही रात्रीपासून अडली होती. आता अडायचं कारण उरलं नव्हतं.

त्या रस्ता ओलांडून त्याच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

“काय टाकलं झाडात?”

मोतीलाल दचकला नाही. उलट चोरी पकडल्यागत लाजला, आणि त्यानं तर कुसुमताईंचा पारा आणखीच चढला.

“काही नाही, वहिनी. खळ आहे.”

“खोटं नका बोलू. दोन झाडं गेली, तिसरं चाललं. ताण्याच्या आड येते म्हणून मारून राहिले ना तुम्ही त्याले?”

“मी? लक्ष्मणच्या झाडाले?”

“मंग लपूनछपून काहून टाकता?”

“लोकं हासतात, वहिनी. बुढा झाडाले पेज पाजते म्हणतात.” त्यानं गडवा छातीशी धरला. “खळ शिजली का पहिली वाटी लक्ष्मणची असे. मीठ घालून मागे. तुमच्यापासून लपवून ठेवलं त्यानं, इथं पेज पिऊन घरी जेवण जात नव्हतं ना. झाडाले वाटीनं काय होते, म्हणून गडवाभर टाकतो.”

हे कुसुमताईंना नवीनच होतं. पण शाळेत तीस वर्षं त्यांनी पोरांच्या असल्या गोड गोष्टी ऐकल्या होत्या.

“जहर नाही ना त्याच्यात?”

“तांदूळ आहे, वहिनी!”

“मंग प्या. माह्यासमोर प्या.”

मोतीलाल हसला. खरंच हसला. गडव्यात बुडाशी घोटभर खळ राहिली होती. त्यानं गडवा उचलून ओठाला लावला आणि हात तिथंच थांबला.

आता चांगलं उजाडलं होतं. गडव्याच्या काठाला वाळलेल्या खळीची पुसट निळी रेघ दिसत होती. मोतीलाल त्या रेघेकडे पाहत राहिला. मग त्यानं गडवा हळूहळू खाली घेतला.

“काय झालं? प्या ना!”

“मोरचूद,” तो म्हणाला.

“काय?”

“मोरचूद असते याच्यात, बुरशी मारायचं निळं जहर. पहिले नव्हतो टाकत. लक्ष्मण होता तं दुसऱ्या टोकाले तो उभा राहे, एका सकाळी पाजणी होऊन जाये. आता एकट्यानं होत नाही. सूत ओलं पडून राहाते, बुरशी धरते. म्हणून दोन सालापासून…” त्यानं गडवा जमिनीवर ठेवला. “माह्या डोक्यातच नाही आलं, वहिनी. मी तं त्याले पेज पाजून राहिलो होतो.”

तो जाळीला टेकून मातीतच बसला. दोन वर्षं कुसुमताईंनी या माणसासाठी एकेक शब्द घासूनपुसून ठेवला होता. त्यातला एकही आता कामाचा नव्हता. त्यांना फार वाईट वाटलं, त्याच्यासाठी आणि स्वतःसाठीही.

“उठा,” त्या म्हणाल्या. “खुरपं आणा. वरची माती काढून टाकू.”

दोघांनी वीतभर खोल माती उकरली. हाताला निळसर करडे खडे लागत होते. कुसुमताईंनी आपल्या परसातली माती घमेल्यानं आणून टाकली, वर दोन बादल्या पाणी घातलं. इतक्यात अनुपची गाडी येऊन थांबली.

“ताई, सही झाली ना? अन् हे काय, मी यायच्या आधीच खोदलं?”

मोतीलाल उठून उभा राहिला. “अनुप, हे झाड मी…”

“पाणी जास्त झालं,” कुसुमताई म्हणाल्या. “माह्याकडून. मुळं कुजून राहिले होते.”

अनुप चौथीत त्यांच्याच वर्गात होता. खोटं बोलल्याबद्दल त्यानं त्यांच्या हातची पट्टी खाल्ली होती. तो त्यांच्या मातीनं भरलेल्या हातांकडे आणि मग मोतीलालच्या हातांकडे पाहू लागला.

“तुमच्याकडून? तुम्ही तं मापानं पाणी देता, ताई.”

“तसंच लिहून घे. माही काही तक्रार नाही.”

त्यानं मुकाट्यानं लिहून घेतलं. “मंग आता चौथं दुसरीकडे लावू. इथं काही जगत नाही.”

“हे जगते का पाहू पहिले,” कुसुमताई म्हणाल्या.

अनुप गेला. रस्त्यावर पहाटेच लावलेला ताणा तसाच ताणलेला होता, करंजाला वळसा घालण्यासाठी तिरपा केलेला. तो तिरपा आहे हे कुसुमताईंना आज पहिल्यांदा दिसलं. ऊन वर येत होतं. मोतीलाल खळीच्या घमेल्याजवळ नुसताच उभा होता, कुंचा हातात घेऊन.

कुसुमताईंनी हात धुतले, पदर खोचला आणि त्या ताण्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या.

“कसं धरायचं सांगा.”

मोतीलालनं खळीचं घमेलं ताण्याजवळ ओढलं.

“घट्ट धरा, वहिनी. पण वढू नका.”

त्यांनी तसं धरलं. त्यानं कुंचा खळीत बुडवला.

“अन् पुढच्या खेपेले,” कुसुमताई पलीकडून म्हणाल्या, “मोरचूद टाकायच्या आधी वाटीभर खळ बाजूला काढून ठेवा.”

“झाडाले?”

“मले. मीठ घालून,” त्या म्हणाल्या.