तेजोनाथांचा बल्ब

जवाहर चौकाजवळच्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. तेजोनाथ महाराज भक्ताच्या तळहातावर बल्ब उभा करायचे, डोळे मिटायचे आणि बल्ब लख्खकन लागायचा. ना वायर, ना बटण. चांगले शिकलेसवरलेले लोक, त्यात निवृत्त इंजिनिअरसुद्धा, महाराजांच्या पायावर डोकं ठेवत होते. माझं तर डोकंच फिरलं.

"ये पुण्य का करंट है," महाराज सांगत होते. "जिसकी आत्मा शुद्ध, उसका बल्ब चालू."

माझी भाची रेवती हिचं लग्न ठरलं होतं. होणाऱ्या सासूबाई रत्नप्रभाबाईंनी तिला मोठ्या हौसेनं पुढे केलं. महाराजांनी तिच्या हातावर बल्ब ठेवला. लागला नाही. पुन्हा ठेवला, तरी नाही.

रेवती सरकारी कचेऱ्यांत सेन्सर बसवते. खोलीत माणूस नसला की दिवे, एसी आपोआप बंद. आमच्या हॉलमध्येही तिनंच बसवलेत. दुपारी व्यासपीठ रिकामं होतं, तेव्हा महाराजांचे सगळे हॅलोजन त्या सेन्सरनं बंद केले होते. महाराज तेव्हापासून तिच्यावर खार खाऊन होते.

"दिनभर दिये बुझाती है," ते म्हणाले, "तेज कहाँ से आएगा?"

रत्नप्रभाबाईंचा चेहरा पडला. त्या मला म्हणाल्या, "निर्मलाताई, राग मानू नका, पण दिवे विझवणारी सून घरात कशी आणू? लग्नाचा आम्हाला पुन्हा विचार करावा लागेल."

नवरा मुलगा सुयश आईच्या शेजारीच उभा होता. तो मोबाइल बघत होता.

रेवतीनं महाराजांच्या हातातून बल्ब अलगद काढून घेतला. भंडाऱ्यासाठी सोलून ठेवलेला दुधी उचलला आणि त्यावर बल्ब उभा केला. लख्ख.

"दुधी फार पुण्यवान दिसतोय," मी मोठ्यानं म्हटलं. "रत्नप्रभाबाई, स्थळ चांगलं आहे."

हॉल हसला. रेवतीनं बल्ब उलटा करून दाखवला. "यात बॅटरी आहे. वीज गेल्यावर लागणारा बल्ब, कुठल्याही दुकानात मिळतो. बुडाशी हे दोन ठिपके आहेत. दोन्ही ओलसर कातडीला टेकले की सर्किट पूर्ण होतं. माझ्या हातावर यांनी तो तिरका ठेवला, एकच ठिपका टेकला." तिनं तो स्वतःच्या तळहातावर सरळ ठेवला आणि तो लागला.

महाराजांना एकदम हबीबगंज स्टेशनवरून गाडी असल्याचं आठवलं. ते गेल्यावर थोड्या वेळानं व्यासपीठावरचे दिवे आपोआप मालवले. काहींनी लगेच हात जोडले.

"अहो, हा सेन्सर आहे," रेवती म्हणाली. "माणूस नाही, तर वीज कशाला जाळायची?"

रत्नप्रभाबाई ओशाळल्या. "चुकलंच माझं. तारीख काढू या."

"काकू, तुमचा राग नाही," रेवती म्हणाली. "सुयश, तू सांग. बल्ब लागलाच नसता तर?"

"मी आईला समजावलं असतं."

"कधी?"

त्यानं पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. लग्न मोडलं. ते रेवतीनं मोडलं, आणि मला तिचा फार अभिमान वाटतो.

तुम्हाला कुणी चमत्कार दाखवला, तर ती वस्तू हातात मागून घ्या आणि उलटीपालटी करून बघा. आपल्या माणसाला कुणी नावं ठेवत असेल, तर त्याच क्षणी तोंड उघडा.