ढवळ्याची शपथ

पुंजाजीनं दारू सोडली म्हटलं की डोणगावात माणसं विचारत, कितव्यांदा? चारदा सोडून झाली होती. पाचव्यांदा मात्र त्यानं पोळ्याच्या दिवशी, झूल घातलेल्या ढवळ्याच्या कपाळावर हात ठेवून गावासमोर सांगितलं, "प्यालो तं हा बैल मरो." बायकोची शपथ त्यानं आधी दोनदा खाल्ली होती, पण बैलाची गोष्ट वेगळी.

पाच महिने निभलं. नागपूरच्या सरकारनं मक्त्यानं दिलेल्या दारूच्या दुकानावरून तो मान खाली घालून जायचा. मग माघात शंकरपट भरला आणि ढवळ्याची जोडी शर्यतीत पहिली आली. गुलाल उधळला. पिण्यातल्या जुन्या सोबत्यानं, उकंडरावानं, मोहाच्या दारूचा पेला पुढं केला, "ढवळ्याच्या नावानं." आता ढवळ्याच्या नावाला नाही कसं म्हणायचं? पेला रिकामा झाल्यावर पुंजाजीला आठवलं, शपथही ढवळ्याचीच होती.

बैल हाकत तो तडक घरी आला. दमलेला ढवळ्या गोठ्यात बसला तो वैरणीला तोंड लावेना. पुंजाजी ढसाढसा रडला. रडून झाल्यावर त्याला वेगळंच सुचलं.

"शपथ तं मोडली, बैल तं जातेच. मंग आता कोनासाठी थांबू?" म्हणत तो दुकानाकडं निघाला.

दारात बायको, मनकर्णाबाई, उभी होती. "एका पेल्यानं मरते म्हनले होते का दहा पेल्यानं?"

"एका."

"मंग पाहा."

ढवळ्या उठला होता, अंग झाडून कडबा ओढत होता. पुंजाजी हरखला. म्हणजे शपथ खोटीच, पाच महिने उगीच तहानेनं मेलो! पण बायकोचा चेहरा पाहून तो वरमला.

"आता तुह्या डोक्शावर हात ठेवतो," तो म्हणाला.

ती मागं सरली. "माह्यावर नको, बैलावरबी नको. मांगच्या खेपी पह्यल्या पेल्यावर तुमी चौथ्या दिवशी घरी आले होते. आज दिवस बुडायच्या आत आले."

"ते बैलाच्या भेवानं."

"कायच्याबी भेवानं. आले ना?"

पुंजाजीला तिच्याकडं बघवेना. लाज वाटली, आणि लाजेआड थोडं बरंही वाटलं. "अन् पुन्हा प्यालो तं?"

"तं पुन्हा असेच घरी या. दुसरा पेला घ्याच्या आंदी."

"मंग आता काय करू?"

"बैलाले पानी दाखवा," मनकर्णाबाई म्हणाली.

पुंजाजीनं बादली उचलली आणि तो विहिरीकडं गेला; वाट दारूच्या दुकानावरूनच होती. पाणी घेऊन तो सरळ घरीच आला.