नमुन्याची टोपली

मी टोपली बोलतेय. एका अंगाला कललेली, पोट सुटलेली, काठ खाली-वर. हसायचं असेल तर हसून घ्या, पण या घराची चूल माझ्यामुळे पेटते.

खरं तर मी चुलीतच जायची. घरात दोनच बायका, सासू आणि सून. दोघींचेही नवरे गेलेले. सुनेचा हात इतका साफ की तिची टोपली जमिनीवर कधी डुगडुगली नाही. सासूबाईंचे हात मात्र म्हातारपणी कापू लागले होते. उरल्यासुरल्या कामट्यांतून त्यांनी मला विणलं आणि माझं ध्यान बघून म्हणाल्या, "जाळायला होईल."

बाजारात प्लॅस्टिकचं राज्य आलं आणि सुनेच्या टोपल्या कोपऱ्यात साचल्या. मग धाकटे दीर मायेनं सांगायला आले, "वहिनी, पुरे झालं आता. दोघी आमच्याकडेच या. धुणीभांडी तेवढी बघा, घरचीच तर आहेत." सुनेनं उत्तरादाखल नवी टोपली विणायला घेतली.

तेवढ्यात शहरातून एक मॅडम आल्या. गावोगावच्या विधवांना हातच्या कलेवर उभं करणारी त्यांची संस्था. सुनेची टोपली त्यांनी उलटसुलट करून पाहिली.

"सुंदर! पण फार नीट आहे हो. मशीनची वाटते."

"हातानंच केलीय," सून म्हणाली.

"पण तसं दिसायला नको का?"

मग चुलीजवळ पडलेली मी त्यांना दिसले. "अगबाई! हिच्यात केवढा जीव आहे!" तो जीव मुठीत धरूनच मी पडले होते, हे त्यांना कुठलं ठाऊक?

भलीमोठी ऑर्डर मिळाली. अट एकच, सगळ्या टोपल्या हुबेहूब माझ्यासारख्या हव्यात. इतक्याच वाकड्या, कमी नाही की जास्त नाही.

सासूबाई हुरूपानं बसल्या. पहिली टोपली भलतीकडेच कलली, दुसरी बसकी झाली, तिसरी नेमकी सरळ आली! त्यांना रडूच फुटलं. "मला मेलीला धड वाकडंही विणता येईना."

सुनेनं मला मांडीवर घेतलं, माझा कल बोटांनी चाचपला आणि विणायला घेतलं. हात सवयीनं सरळ जायचा. लगेच सासूबाई ओरडायच्या, "अगं, नीट चाललीस! बिघडव!" याच सासूबाईंनी नव्या नवरीला एक काठ वाकडा गेला म्हणून रडवलं होतं. ते आठवून दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

टोपल्या गेल्या, पसंत पडल्या, पुन्हा मागणी आली. "सवड नाही," असा दिरांना निरोप गेला.

माझ्या बहिणी दिवाणखान्यांत मिरवतात म्हणे. मी नमुना म्हणून इथेच खुंटीवर असते. परवा शिकायला आलेल्या एका बाईनं कीव येऊन माझा काठ दाबून सरळ करायला घेतला, तर सासू-सुना एकदमच किंचाळल्या.

म्हणून हात जोडून विनंती, माझं भलं करायला जाऊ नका. आणि एक घरातली गोष्ट, मॅडमना सांगू नका. धान्य ठेवायला या दोघी अजून सुनेची ती जुनी, सरळ टोपलीच वापरतात.