तीनशे सातची साक्ष

सिग्ने हाल्वरसनने सही करायला नकार दिला, तेव्हा सेंट पॉल शहरातल्या आमच्या आकडेमोडीच्या खोलीत आठही बायकांची हँडलची गणनयंत्रं थांबली.

आम्ही मूळ संख्यांचा तक्ता बनवत होतो. संख्या आधी शंभराच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून बघायची. टिकली तर प्रोफेसर व्हिटलॉक यांची कसोटी: संख्येतून एक वजा करायचा, दोनचा तेवढा घात काढायचा आणि त्याला त्या संख्येने भागायचं. बाकी एक उरली पाहिजे. दोन कधीकधी फसवतो, म्हणून ते तीन, पाच आणि सातकडूनही वदवून घेत. चौघांनी ‘एक’ म्हटलं की संख्या मूळ, आणि पानाखाली बाईची सही. पुढे चूक निघाली तर चुकीच्या चिठ्ठीवरही तिचीच सही. तीन चिठ्ठ्या झाल्या की घरी. सिग्नेच्या दोन झाल्या होत्या आणि तिचा नवरा बेकार होता.

“१७२९४७५२९ मूळ नाही,” ती म्हणाली. “तीनशे सातने भाग जातो. मी करून पाहिलंय.”

“चार साक्षीदार खोटे आणि तुमचा भागाकार तेवढा खरा?” व्हिटलॉक हसले. “मागच्या दोन्ही चुका भागाकारातल्याच ना, मिसेस हाल्वरसन? मी तो बघणारसुद्धा नाही. सही करा, नाहीतर कोट घाला.”

असा संताप आला मला! पण माझीही एक चिठ्ठी झाली होती. मी मान खाली घातली.

सिग्नेने कोट घेतला नाही. “कसोटीला दोनच्या जागी कुठली संख्या चालते, सर?”

“त्या संख्येहून लहान कुठलीही. संख्या मूळ असेल तर सगळ्यांची बाकी एकच.”

“मग तीनशे सात घ्या. आणि हँडल तुम्हीच फिरवा. माझ्या हातांवर भरवसा नाही ना तुमचा?”

“काहीतरीच काय!”

“का? घाबरलात?”

मागून कोणीतरी फिसकन हसलं. ती मीच होते.

व्हिटलॉक तणतणत यंत्राशी बसले. वर्ग करायचा, भागायचं, बाकीचा पुन्हा वर्ग. आमची कॉफी गार झाली, पण कोणी जागचं हललं नाही. शेवटची बाकी आली ८६१९२०९२. त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. तेच.

“पण दोन, तीन, पाच, सात...”

“मी अकरा, तेरा, सतराही घेतले. सगळे एकच म्हणतात. ही संख्या सगळ्यांना पढवून ठेवते, सर. तिला भागणारे घरचे अवयव तेवढे फुटतात.”

“या कसोटीवर चार हजार संख्या पास केल्यात मी,” ते पुटपुटले.

“चार हजार पुन्हा भागू. आधी हे.” तिने कोरी चिठ्ठी आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं. “सही.”

“माझी?”

“कसोटी कोणाची?”

त्यांनी चिठ्ठीवर ती संख्या उतरवली. मग सही केली. सिग्नेने शाई टिपली आणि दाराजवळच्या खिळ्याला, आमच्या सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर, ती अडकवली.

“आता तुमच्या दोनच राहिल्या, सर,” ती म्हणाली.