पुदिन्याची काडी

माझा भाऊ तौफिक फ्रान्सहून बायकोमुलीला घेऊन आमचं जन्मगाव फेझ बघायला आला. हो, बघायलाच. उतरला हॉटेलात. आमच्या वडिलांकडे, बाकडे, शुक्रवारी जेवायला येणार होता, त्याआधी शहर फिरायचं होतं. फिरवायला मी होतेच.

बाचा जन्म कातडी कमावण्याच्या हौदांत गेला. कातडी मऊ करायच्या कबुतरांच्या विष्ठेच्या पाण्यात उभं राहून त्यानं तौफिकला शिकवून मोठं केलं. सासरी मात्र तौफिकनं सांगितलं होतं, वडिलांचा चामड्याचा व्यापार आहे.

ते हौद वरून बघायला आम्ही एका दुकानाच्या गच्चीवर चढलो. वास सुसह्य व्हावा म्हणून दुकानदारानं सगळ्यांना पुदिन्याची काडी दिली. तौफिकनं ती नाकाला घट्ट धरली. लहानपणी याच वासात तो भाकरी खायचा.

खाली हौदांच्या कडेला पांढरा पायघोळ जलाबा घालून बा उभा होता. आम्ही येणार हे कळल्यावर नातीला आपली जागा दाखवायला आला होता. वर बघून दोन्ही हात हलवत होता.

"पप्पा, ते आजोबा आपल्याला हात करतायत?" लीनानं विचारलं. तिनं बाला कधी पाहिलंच नव्हतं.

"सगळ्यांनाच करतात. बक्षिशीसाठी," तौफिक म्हणाला.

मी त्याचा दंड धरला. "लाज वाटत नाही तुला?"

"इथे नको, झुहूर. हळू बोल."

मी तशीच खाली गेले.

"दिसलो का गं त्यांना?" बानं विचारलं.

"डोळ्यांवर ऊन होतं, बा."

"ऊन त्यांच्या पाठीवर होतं," तो म्हणाला आणि घराकडे चालू लागला.

शुक्रवारी ते आले. मला वाटलं होतं, बा आता याची सालटी काढेल. बानं त्यालाच जवळ बसवलं, कुसकुसमधला मटणाचा मोठा तुकडा त्याच्यापुढे सरकवला. लीना बाकडे टक लावून बघत होती.

"तुम्हीच ना ते? हात करणारे?"

सुनेनं मान वर केली. तौफिकचा घास हातातच राहिला.

पर्यटकांकडून उचललेल्या मोडक्या फ्रेंचमध्ये बा म्हणाला, "नाही गं पोरी. तो दुसरा कुणीतरी असेल. सगळे म्हातारे सारखेच दिसतात."

तौफिकनं घास तोंडात घातला. वर मला म्हणाला, "कुसकुस छान झालाय हं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. ते निघाले तेव्हाही बाहेर आले नाही.